घमेल्यातलं रान

लहान मुलांच्या खेळण्यांच्या बाजारात अलीकडे ‘सेन्सरी बिन’ नावाचा प्रकार चांगलाच रुळला आहे. उथळ प्लॅस्टिकचा खोका, त्यात रंगवलेला तांदूळ, प्लॅस्टिकची चार झाडं, दोन डायनासोर, निळ्या मण्यांचा तलाव आणि एक चिमुकलं फावडं. झाकणावर झाडाचं चित्र आणि ‘निसर्ग’ हा शब्द. मुलाने त्यात हात घालायचा, चाळवायचं, ओतायचं, पुरलेलं शोधायचं.

कल्पना वाईट नाही. दोन-तीन वर्षांच्या पोराला जगाची ओळख डोळ्यांनी होते त्याहून जास्त हातांनी होते. दिसेल ते चाचपायचं, दाबायचं, जमलं तर तोंडात घालायचं, हा त्याचा दिवसभराचा धंदा. त्याला एक जागा आणि जरा चांगला माल मिळाला तर उत्तमच. नवल याचं की हा खोका पालघर आणि बोईसरमध्येही कुरियरने मागवला जातो. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, मधे भातखाचरं आणि साग-पळसाचं रान असलेल्या जिल्ह्यात निसर्ग पार्सलने येतो आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघतो.

हा खोका घरी कसा भरायचा, ते या प्रकरणात पाहू. खोका म्हणजे घमेलंच. गवंड्याचं असतं तसं प्लॅस्टिकचं, पण नवं घमेलं. पसरट, बुटकं, सहसा न कलंडणारं, दोन मुलं समोरासमोर बसली तरी हात पुरतील असं. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घेऊ. घमेल्यात काय आहे, यापेक्षा ते कुठून आलं आणि कोणी वेचलं, याला मोल जास्त आहे. मुलाने स्वतःच्या पायांनी जाऊन, वाकून, ‘हे घेऊ का?’ असं विचारून आणलेली पाच सुरूची बोंडं बाजारातल्या पन्नास रंगीत दगडांना भारी पडतात.

हे काही नवं शहाणपण नाही. याच जिल्ह्यात त्याची ऐंशी वर्षांची परंपरा आहे, आणि ती सुरू होते ताराबाई मोडकांपासून.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) मूळच्या शहरी, उच्चशिक्षित. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचे धडे गिरवले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. या सगळ्यांचं स्फूर्तिस्थान होत्या मारिया मॉन्टेसरी. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. मूल ज्ञानेंद्रियांतून शिकतं, म्हणून ज्ञानेंद्रियांना नेमकं काम द्यायला हवं, हे त्यांचं सूत्र. त्यासाठी त्यांनी साधनं घडवली: एक ते दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, खरखरीत कागदाच्या पाट्या, न बघता हात घालून वस्तू ओळखायची पिशवी. आजचा सेन्सरी बिन या पिशवीचाच वंशज मानायला हरकत नाही.

साधनं उत्तम होती, पण महाग. लाकूड मोजून-मापून कापलेलं, रंग एकसारखा, सगळा संच पेटीबंद. दादरच्या शाळेला ते एक वेळ परवडलं असतं. १९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यात बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं, तेव्हा हा प्रश्न रोकडा समोर उभा राहिला. त्याच साली त्याच भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उभे राहत होते. ज्या घरांत एकवेळच्या जेवणाची भ्रांत, तिथल्या मुलांसाठी पेटीबंद संच आणायचा कुठून?

उत्तर पायाखालीच होतं. बोर्डीला समुद्र आहे. शंख, शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, काड्या, माती यांतून मॉन्टेसरीच्या साधनांचं काम होऊ लागलं. लहान-मोठं लावायचं तर शिंपले लावा, खरखरीत-गुळगुळीत ओळखायचं तर पानं घ्या. मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच वस्तीत गेली आणि अंगणात भरू लागली, ती अंगणवाडी. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आज हिंदी मुलखातही लोक ‘आंगनवाडी’ म्हणतात.

बोर्डीच्या त्या पहिल्या दिवसांपासून अनुताई वाघ (१९१०–१९९२) ताराबाईंबरोबर होत्या. १९५७ मध्ये काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेलं. बोईसरहून गाडीने गेलात तर वाणगाव, डहाणू रोड आणि मग घोलवड. कोसबाद तिथून जवळच. टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेतल्याशिवाय मोठी बहीण घरून निघूच शकत नव्हती. या सगळ्याचं नाव विकासवाडी. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली, तिला कुरणशाळा म्हणत. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. मला मात्र त्या पदकांपेक्षा कुरणातल्या शाळेचं कौतुक जास्त वाटतं.

एवढा इतिहास सांगायचं कारण असं, की कोसबादने निसर्ग खोक्यात भरला नव्हता. मुलं होती तिथेच तो होता. शिक्षकांनी फक्त त्याच्याकडे साधन म्हणून पाहिलं. घमेल्याची गरज लागते ती अंगण नसलेल्या घराला. बोईसरला कारखान्यांमागोमाग वस्ती वाढली. दूरदूरहून आलेली कुटुंबं एका खोलीत राहतात. खाली उतरलं की रिक्षा आणि टँकर. अशा घरातल्या मुलासाठी घमेलं हे तात्पुरतं अंगण आहे. तुमच्या दारात खरंखुरं अंगण आणि मातीचा ढीग असेल, तर हे प्रकरण सोडून पुढे गेलात तरी चालेल.

आता भरायचं काय, ते पाहू.

तांदूळ नको, डाळ नको, हे आधी. व्हिडिओंमध्ये किलोभर तांदूळ हिरवा रंगवून गवत केलेलं दिसतं. मला ते बघवत नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे १९९२-९३ मधले कुपोषणाचे बालमृत्यू ज्या जिल्ह्याने पाहिले आहेत, तिथे खेळून फेकायला धान्य वापरायचं नाही. शिवाय अन्न पायदळी तुडवायचं नाही, हे आजीचं शिकवणं आणि ‘टाक खाली, खेळ’ हे आपलं सांगणं, यांतलं खरं कोणतं असा पेच पोराला पडतो. गरजही नाही. तांदळाच्या गिरणीत तूस ढिगाने पडलेलं असतं. ते आणावं, सुपात पाखडून त्यातली धूळ काढावी, कडक ऊन दाखवावं आणि खेळायला देताना पाण्याचा हात लावून किंचित ओलसर करावं. कोरडं तूस उडतं, डोळ्यांत जातं, घशात खवखवतं. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला तूस देऊच नये. त्याला वाळू द्यावी.

वाळू केळवे, चिंचणी, डहाणू किंवा बोर्डीच्या किनाऱ्यावरून छोटी पिशवीभर आणली की पुरते. पोतंभर उचलायची नाही, ती किनाऱ्याची आहे. घरी आणून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवायची, कारण मीठ राहिलं तर हात चिकट होतात आणि ओरखड्यावर झोंबतं. मग चाळायची, पत्र्यावर पसरून वाळवायची. शिंपले उकळून घ्यावेत. त्याआधी शंखात कोणी राहत नाही ना, हे बघावं. बाहेरून रिकामा दिसणारा शंख घरी आल्यावर टेबलावरून चालू लागला तर आत खेकड्याने घर केलेलं असतं. त्याला पुन्हा किनाऱ्यावर नेऊन सोडणं हाही मुलाला दाखवण्याजोगा कार्यक्रम आहे. धारेचे, फुटके शिंपले तिथेच टाकून यावेत.

पुढचं सगळं ऋतू ठरवतो. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर घमेल्यात चिखल, सागाची कोवळी पानं, बांबूची पेरं आणि पाणी. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात तांबडा होतो. मूल एकदम दचकतं आणि मग पुन्हा पुन्हा तेच करतं. भाद्रपदात शाडू माती बाजारात येते. गणपतीसाठी घेताना एक पिशवी जास्त घ्यावी. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर बराच काळ टिकते. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून होतं, तेव्हा तूस आणि पेंढा. थंडीत शिरीषाच्या चपट्या शेंगा वाळून झाडावरच वाजू लागतात. शेंग कानाशी धरून हलवायला दोन वर्षांच्या मुलालाही शिकवावं लागत नाही. फाल्गुनात पळस फुलतो. फुलं कोमट पाण्यात टाकून ठेवली की पाणी केशरी होतं, आणि ओतायला असं रंगीत पाणी मिळालं की पोरं तासभर हलत नाहीत. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटून कापूस उडतो, चिंचोके निघतात, ताडगोळे सोलले की रिकामी टरफलं उरतात आणि घोलवडच्या चिकूंची सालं हाताला वाळूच्या कागदासारखी लागतात.

नुसतं रानातलंच हवं असंही नाही. केळफुलाची मोठी जांभळी पानं आतून रेशमी, बाहेरून मेणचट असतात. भाजीला सोलताना ती फेकायची कशाला? नारळाची करवंटी, शेंड्या, वाळलेला दुधी, वालपापडीची सालं, नागवेलीची किडलेली पानं असं बरंच काही केळवे-माहीमच्या वाडीत रोज उकिरड्यावर जातं.

आणलेल्या बिया आणि शेंगा तशाच डब्यात भरल्या की आठवड्यात पोरकिडे. चार दिवस कडक ऊन दाखवावं, डब्यात कडुलिंबाचा वाळका पाला घालावा. घरातल्या बाईला हे सांगावं लागत नाही. वर्षाचं धान्य ती असंच भरते. पावसाळ्यात मात्र हा उपाय तोकडा पडतो. बुरशीचा वास आला की मायेत न पडता सगळं फेकावं.

हत्यारं स्वयंपाकघरातली. वाटी, पळी, चाळणी, गाळणी, नरसाळं, जुना चिमटा. खेळण्यातलं फावडं या कामाला कुचकामी. हातात नीट बसत नाही आणि दुसऱ्या दिवशी मोडतं. घरात कुठे माळ्यावर जुनी मापं पडली असतील तर ती मात्र जरूर उतरवा.

चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आमच्या पिढीने ही कोष्टकं पाठ करून विसरून टाकली. साडेतीन-चार वर्षांच्या मुलासमोर वाळू आणि ही तीन-चार मापं ठेवून बघा. आधी ते मोठ्या मापाने लहानात ओततं. वाळू ओसंडून बाहेर येते, ते हसतं, पुन्हा ओततं. बराच वेळ एवढंच. मग कधीतरी उलटं करतं: चिपटं भरून मापट्यात रिकामं करतं आणि आत डोकावतं. अर्धंच भरलंय. दुसरं चिपटं ओततं, वाळू काठोकाठ येते. वर उरलेली शीग बोटाने सपाट करतं, कारण दुकानदाराला तसं करताना त्याने पाहिलेलं असतं. नंतर सगळं ओतून देऊन पहिल्यापासून सुरू. दुप्पट म्हणजे काय, हे कोणीही सांगितलेलं नसतं.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की बुटक्या भांड्यातलं पाणी उंच निमुळत्या भांड्यात ओतलं की लहान मुलांना ते ‘जास्त’ झालं असं वाटतं. पातळी वर गेली म्हणजे पाणी वाढलं. साधारण सहा-सात वर्षांचं होईपर्यंत हा समज सुटत नाही, आणि समजावून सांगून तो लवकर सुटतो अशातलाही भाग नाही. ओतून, सांडून, परत ओतूनच तो मागे पडतो. त्यामुळे ‘नुसतं ओतत बसलाय’ ही तक्रार मनातून काढून टाकावी.

मोठ्या माणसाचं काम यात थोडं आणि अवघड आहे: गप्प बसणं. मूल रमलेलं दिसलं की आपली जीभ वळवळते. ‘हा रंग कोणता? किती शिंपले आहेत, मोज बघू! याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?’ दोन मिनिटांत घमेल्याची परीक्षा होते आणि मूल उठून जातं. बोलायचंच असेल तर त्याच्या हातात काय आहे तेवढंच बोलावं. ‘हे खडबडीत आहे.’ ‘हे बुळबुळीत झालं.’ ‘भुसभुशीत लागतंय ना?’ शब्द हात लागत असतानाच कानावर पडला की चिकटतो. पाड्यावरच्या अंगणवाडीत तर उलटा अनुभव येतो. चार वर्षांची वारली पोरगी पान उचलून नाव सांगते आणि ताईला ते नाव ठाऊक नसतं. तिथे ताईने शिकावं. तेवढ्याने त्या मुलीचा दिवस चांगला जातो.

इथपर्यंतचं सगळं मजेचं. आता ज्यासाठी बोईसर-तारापूरचं नाव घेऊन लिहायला बसलो, त्याकडे येतो: माती कुठली आणायची?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशात पहिलं आलं. हा पहिला नंबर कोणी मिरवत नाही. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद यांचे कारखाने आहेत. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून निघणारं पाणी वाहिनीतून नवापूरला समुद्रात सोडलं जातं. बाहेरच्या माणसाला तारापूर म्हटलं की १९६९ सालचं अणुवीज केंद्र आठवतं आणि भीती तिकडेच धावते. घमेल्याच्या मातीपुरतं बोलायचं तर आधी विचार करायचा तो कारखान्यांचा, गॅरेजचा आणि पाडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्याचा.

कारण साधं आहे. लहान मूल हाताने खेळतं आणि तोच हात तोंडात घालतं. मातीतलं शिसं किंवा इतर जड धातू पोटात जायला आणखी कशाची गरज नसते. शिशाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: इतकं चालेल अशी कोणतीही मर्यादा सुरक्षित म्हणून सांगता येत नाही. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल ते शरीरात जास्त शोषून घेतं आणि मार बसतो तो वाढत्या मेंदूवर.

म्हणून नियम कडक ठेवावेत. वसाहतीच्या आवारातली, नाल्याकाठची, हमरस्त्याच्या कडेची माती नाही. नवापूर-दांडीच्या बाजूची वाळू नाही. बांधकामाची रेतीही नाही, तिच्यात सिमेंट मिसळलेलं असू शकतं आणि ते ओलं झालं की त्वचा पोळते. रोपवाटिकेतली तयार माती दिसायला छान, पण तिच्यात शेणखत, रासायनिक खत आणि कधी कीटकनाशकही असतं. सगळ्यांत निर्धोक म्हणजे कुंभाराकडची मळलेली माती किंवा शाडू, आणि ती ओलीच द्यायची, म्हणजे बारीक धूळ नाकात जात नाही. गावाकडे मळा असेल तर विहिरीजवळची, फवारणी न होणारी माती चालेल. जुन्या घराचा रंगवलेला दरवाजा, रंग उडालेलं पिंप, भंगारातली खेळणी घमेल्यात नकोत. घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही.

रानातून आणलेलं सगळं निरुपद्रवी, हाही गोड गैरसमज आहे. गुंज बघा. लालबुंद, डोक्यावर काळा ठिपका, चकचकीत. मुलांना मोह पडावा अशीच. पूर्वी सोनार तिने सोनं तोलत. अख्खी गिळली तर तिचं कठीण कवच बहुतेक वेळा वाचवतं. चावली किंवा भोक पाडलेली असली तर तिच्यातलं अ‍ॅब्रिन जीव घेऊ शकतं. गुंजेच्या माळा जत्रेत मिळतात, त्या तर घरातच नकोत. एरंडाची बी तितकीच वाईट. कुंपणाला लावलेला मोगली एरंड विशेष घातकी, कारण त्याची बी चवीला गोडसर लागते. ती खाऊन शाळकरी मुलं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पिवळ्या कण्हेरीचं फळ, म्हणजे बिट्टी, हृदयावर परिणाम करतं. धोत्रा तर माहीतच आहे. बिब्ब्याने आणि काजूच्या टरफलातल्या तेलाने फोड येतात. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांवर बेततं. खाजकुइलीची मऊशार लव हाताला लागली की काय होतं, हे रानात फिरलेल्याला विचारावं. पावसाळ्यात पालघरच्या बाजारात शेवळं येतात. भाजी अप्रतिम, पण कच्चं शेवळं, अळू किंवा सुरण खेळायला दिलं तर हात-तोंड खाजून मूल हैराण होईल. ओळख पटली नाही ती बी आणायचीच नाही.

गुदमरण्याचा धोका याहून रोजचा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांच्या तपासणीत एक नळकांडं वापरतात, सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती त्या वयाला नको. कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी घरात असेल तर ती जवळजवळ याच मापाची आहे. या कसोटीत चिंचोके, सागरगोटे, सुरूची बोंडं, बारके शिंपले सगळे नापास होतात. चिकूच्या बीला तर टोकाशी आकडा असतो, तो घशात अडकतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला घमेल्यात द्यायचं ते मोठं: करवंटी, शहाळ्याचं सोडण, केळफुलाची पानं, पळसाची पानं, तळहाताएवढी गारगोटी, पाणी. पाणी बोटभर, आणि समोर माणूस. फोन आला म्हणून उठायचं झालं तर मूल काखेत घेऊन उठावं; बुडायला फार पाणी लागत नाही. तयार खोक्यांत येणारे पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी कोणत्याही वयाला नकोत. ते पोटात गेल्यावरही फुगत राहतात आणि आतडं बंद करू शकतात. अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मोठमोठ्या दुकानांनी मुलांसाठी म्हणून त्यांची विक्री थांबवली. आपल्याकडे शोभेच्या वस्तू म्हणून ते सर्रास मिळतात.

एवढं वाचून कोणी घाबरून घमेलंच आणणार नाही, अशी मला धास्ती आहे. तसं करू नका. माती, पाणी, पानं, करवंट्या एवढ्यावर पहिले सहा महिने मजेत जातात.

घरात पसारा होईल, हा मुद्दा आजीकडून येणारच. ‘अगं, घर आहे की खळं?’ तिचं चूक नाही. घर झाडणारी तीच असते. घमेल्याखाली जुनी चादर घालावी, चार कोपरे उचलले की सगळं परत आत. मुलाच्या उंचीची छोटी केरसुणी शेजारी ठेवावी. खेळ संपल्यावरचं झाडणं मुलांना खेळाइतकंच आवडतं, आणि ते नीट होत नाही म्हणून त्यांच्या हातातून केरसुणी हिसकावून घेऊ नये. आजीला बियांची पारख करायला बसवलं तर विरोध बहुधा मावळतो. बिट्टी कुठली, गुंज कुठली, सागरगोटे कसे खेळायचे, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

अंगणवाडीत गणित वेगळं. एक ताई, एक मदतनीस आणि पंचवीस-तीस मुलं. एनसीईआरटीने २०२३ च्या फेब्रुवारीत तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाचा खेळसाहित्याचा संच काढला. संच चांगला आहे. पण पिटारा एक आणि हात पन्नास झाले की मुलं खेळत नाहीत, रांगेत बसतात. त्यापेक्षा चार-पाच घमेली मांडावीत, प्रत्येकाभोवती पाच-सहा मुलं. एकात वाळू आणि मापं, एकात पाणी आणि करवंट्या, एकात ओली माती, एकात पानं-शेंगा. मुलांनी हवं तेव्हा उठून दुसरीकडे जावं. पाण्याच्या घमेल्याजवळ मदतनीस बसलेली असावी, आणि तिथलं पाणी खेळ संपताच झाडांना घालून घमेलं पालथं करावं. साचून राहिलं तर पालघरच्या दमट हवेत चार-सहा दिवसांत त्यात डासांच्या अळ्या दिसू लागतात.